पोलिसांच्या गेटवरचा उघडा खंजीर

अन्याय झाला सुधाकर सावंत यांच्यावर. २००३ साली, रमजानच्या आधीच्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये मॅनेजर साठेसाहेब त्यांना म्हणाले, "सामान बांधा. पोलिसांची कम्प्लेंट आहे. शनिवारचं तिकीट."

कारण एक बोर्ड. जवळच्या पोलीस ठाण्याने लोकांना आत बोलावून काम दाखवायचा दिवस ठरवला होता. गेटवर बोर्ड हवा होता. वर ओमानी खंजीर, खाली अरबीत आणि इंग्रजीत 'पोलीस तुमच्या सेवेत'. मी वर्कशॉपमध्ये डिझायनर, सुधाकरदादा कटिंगला. ते वाक्य टाइप करताना मला हसू आलं. नागपुरात पत्रकं वाटताना पोलिसांची सेवा मी पाठीवर घेतलेली आहे.

ठाण्याने दिलेल्या फोटोतला खंजीर म्यानात होता. इथले पुरुष समारंभाला तो पोटावर, पट्ट्यात मधोमध लावतात, तसा. साठेसाहेबांनी स्क्रीन बघितला.

"हे काय रे, मिळमिळीत? पोलीस आहेत ते. पातं दिसू दे. आपल्याकडे कुठल्या चौकात महाराजांची तलवार म्यानात असते?"

मी पातं उघडं काढलं. सुधाकरदादांनी ते प्लॉटरवर कापलं. प्लॉटर म्हणजे पेनाऐवजी छोटी सुरी लावलेलं मशीन, त्यातून रंगीत स्टिकर हव्या त्या आकारात कापून निघतो. बोर्ड लागला. मग ठाण्याचा फोन आला. तो घेतला एकट्या साठेसाहेबांनी.

हुकूम साहेबांचा, डिझाइन माझं, आणि तिकीट मात्र स्टिकर कापणाऱ्याला? मला संशय आला. गेल्याच आठवड्यात सुधाकरदादांनी स्वतःचा पासपोर्ट परत मागितला होता. कंपनी सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात ठेवायची.

"चला ठाण्यावर," मी म्हणालो.

"नको रे मिलिंद. थंय गेलंय तर माका आतच ठेवतीत."

"घरी तर पाठवतच आहेत. आत ठेवलं तर निदान ओमानात राहाल."

ते हसले नाहीत, पण उठले.

ठाण्यातल्या अधिकाऱ्याने आधी कहवा, म्हणजे इथली कॉफी, आणि खजूर पुढे केले. मी खजूर घेतला नाही. पोलिसांचं खाऊन पोलिसांना प्रश्न विचारता येत नाहीत.

"कम्प्लेंट? किसने बोला?" तो म्हणाला. "मैंने इतना ही बोला, खंजर अंदर डालो."

"बस, इतना ही?"

"हमारा आदमी झगड़े में भी खंजर नहीं निकालता. निकाला तो फिर बात से खलास नहीं होता. पुलिस के गेट पे नंगा खंजर देखेगा, तो अंदर कौन आएगा?"

"साब, मेरेको गाँव भेजता है," सुधाकरदादा म्हणाले.

"कौन?"

"कंपनी," मी म्हणालो. "आपके नाम से."

त्याने फोन उचलून साठेसाहेबांना लावला. आवाज चढवला नाही. "आदमी मेरे सामने बैठा है. बोर्ड यही ठीक करेगा, शनिवार को. यल्ला." यल्ला म्हणजे चला, आटपा.

मी त्याच ओघात पासपोर्टचं विचारलं. "वो लेबर ऑफिस में पूछो," तो म्हणाला आणि कप उलटा ठेवला. सेवा तिथे संपली.

तिकीट रद्द झालं. साठेसाहेब म्हणाले, "गैरसमज झाला." शनिवारी सुधाकरदादांनी म्यानाच्या आकाराचा स्टिकर कापून उघड्या पात्यावर चिकटवला. पुढच्या महिन्यात त्यांना दूर आतल्या भागात, इब्राच्या कामावर पाठवलं, कायमचं. पासपोर्ट रुवीच्या कपाटातच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गेटवरून गेलो. उष्णतेने म्यानाचं टोक सुटलं होतं आणि खालचं पातं दिसत होतं. पोलिसांचा खंजीर म्यानात असतो, हे त्या दिवशी मला मान्य झालं. तो दुसराच कोणीतरी उपसून आपल्या मानेवर धरतो, हेही कळलं.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमचा पासपोर्ट ज्याच्या कपाटात आहे, त्याच्याकडे उद्या जा आणि तो मागा. तो म्हणाला 'पोलिसांनी सांगितलंय', तर सोबत एक माणूस घ्या, ठाण्यावर जा आणि तोंडावर विचारा, कोणी सांगितलं?