पाचवं कुलूप

मखमलाबादचा जीवन माणूस तसा सरळ, पण बोलायला महाग. झेंडू-शेवंती लावायची, पहाटे फूलबाजार गाठायचा आणि घरी यायचं. बायको मीना पोराला घेऊन नाशिकरोडला भावाकडे गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि तेव्हापासून तर त्याला काही वाटेनासंच झालं होतं. भूक लागली म्हणून जेवायचा नाही, वेळ झाली म्हणून जेवायचा. रुद्र त्याच्याकडे महिन्यातून दोन रविवार यायचा, दहा ते सहा. कोर्टाने तसं ठरवून दिलेलं.

यंदा पोराचा दहावा वाढदिवस नेमका त्याच्या वाट्याच्या रविवारी आला. रुद्रला एस्केप रूम हवी आहे, असं मीनाने फोनवर कळवलं. म्हणजे खोलीत कोंडून घ्यायचं, कोडी सोडवत एकेक कुलूप काढायचं आणि बाहेर यायचं. मॉलमधली पाहून आला होता. बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणत भावकी हसली. जीवनला राग आला नाही नि हसूही आलं नाही. त्याने फुलांची शेड रिकामी केली आणि चार कुलपं जमवली: मोटारीच्या पेटीचं, सायकलच्या साखळीचं, ट्रंकेचं, आणि चौथं दाराच्या आतल्या कडीला. हारात तीन पिवळी, एक पांढरं आणि चार केशरी फुलं ओवली. तोच साखळीचा नंबर. बाकीच्या किल्ल्या क्रेटांत झेंडूखाली पुरल्या. उघडलेलं कुलूप दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवायचं, असा नियम केला.

चार वाजता रुद्र आणि वस्तीवरची पाच पोरं आत घेतली, आतून कडीला कुलूप घातलं, आणि हा बाबा मागच्या खिडकीतून बाहेर पडला. सगळ्यांच्या देखत! त्या खिडकीला गज नाहीत, रोजचे क्रेट तिथूनच टेम्पोत जातात, सवयीने गेला. आता बोला! पाच मिनिटांत पाचही पोरं त्याच वाटेने बाहेर येऊन केकभोवती जमली. जीवनने नुसतं पाहिलं. एवढी मेहनत पाण्यात गेली, तरी मनात काही हललं नाही.

रुद्र मात्र आला नाही.

जीवन दारापाशी क्रेट पालथा घालून बसला. बऱ्याच वेळाने फटीतून पहिलं कुलूप आलं. मग हाराचं कोडं सुटलं, साखळी आली. साडेपाचला तिसरं. सहाला दहा मिनिटं असताना चौथंही त्याच्या पायाशी सरकलं. कडी मोकळी झाली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. तो वाट पाहत राहिला. दार काही उघडलं नाही.

सहाच्या ठोक्याला मीना स्कूटीवरून आली. उद्या शाळा आहे, उशीर नको, म्हणाली आणि दाराकडे निघाली.

"मम्मी, उघडू नको," आतून रुद्र म्हणाला. "अजून एक कुलूप राहिलंय."

दीड वर्षात पहिल्यांदाच जीवनला काही लागलं होतं, आणि ते सोसवेना.

"किती लावली होती तुम्ही?" मीनाने विचारलं.

जीवनने पायाशी पडलेली चारही कुलपं टाचेने हळूच क्रेटमागे ढकलली.

"पाच," तो म्हणाला, आणि बसायला दुसरा क्रेट तिच्यापुढे सरकवला.