आठ पेन्शनर आणि बेचाळीस किलोमीटर

हवालदार धनराज राठोड आणि मी बावीस वर्षं एकाच पलटणीत होतो. तो राळेगावकडच्या तांड्यावरचा, मी बाभुळगावचा. सीमेवरच्या पोस्टवर पहाटे साडेपाचला पीटी असायची. धनराज रांगेत शेवटी पळायचा आणि गोरबोलीत, म्हणजे त्याच्या बंजारा भाषेत, गाणी म्हणायचा. पीटी घेणारा पंजाबी उस्ताद विचारायचा, "क्या गा रहा है?" धनराज म्हणायचा, "आप की तारीफ, उस्ताद." तारीफ कसली, सगळ्या शिव्या होत्या. ते दिवस आठवले की मला अजून एकट्याला हसू येतं.

गेल्या वर्षी त्याची नात अनू कॅन्सरने गेली. आठ वर्षांची होती. नागपूरला तिचे उपचार चालू होते तेव्हा धनराज पाच महिने दवाखान्यासमोरच्या झाडाखाली झोपला. तिथे असे बरेच आईबाप होते. ती गेल्यावर महिन्याभराने तो माझ्याकडे आला.

"साहेब, त्या लेकरांसाठी काही तरी करा लागते. आपल्याले तर पळनंच येते."

असे आम्ही दोघं धरून पलटणीतले आठ पेन्शनर जमलो. राळेगावच्या थोडं अलीकडून यवतमाळपर्यंत बेचाळीस किलोमीटर पळायचं आणि जमेल ती वर्गणी लेकरांच्या औषधांना द्यायची, असं ठरलं. आदल्या सायंकाळी सभा झाली. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठजींनी विचारलं, "या वयात पोहोचाल का?" माईक माझ्या हातात होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणालो, "आठ निघतील, आठ पोहोचतील. एक जरी गाडीत बसला तरी आमची हार!"

शेठजी उठले. "मग लागली पैज. आठही जण पायी पोहोचा, नागपूरच्या दवाखान्याजवळच्या माझ्या दोन खोल्या या आईबापांना कायमच्या दिल्या."

सकाळी पाचला निघालो. आठला निम्म्या वाटेवरचं कळंब, अगदी वेळेत. मागे आमच्या जुन्या सिग्नलमनची जीप होती. दहा वाजून दहा मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरला.

"लीडर, लास्ट मॅन डाउन. ओव्हर."

"कमिंग बॅक. आउट."

धनराज सोयाबीनच्या शेताच्या धुऱ्यावर आडवा पडला होता. दोन्ही पोटऱ्यांत गोळे, चेहरा पांढराफटक. यवतमाळ नऊ किलोमीटर होतं.

"धनराज, गाडीत बस."

"नाही."

"हुकूम हाय हा."

"साहेब, आजवर तुमचा हुकूम मोडला नाही. आज मोडून राह्यलो."

"मरशील लेका! खड्ड्यात गेल्या त्या खोल्या."

"कायले जातीन खड्ड्यात? झाडाखाली तुम्ही नाही झोपले, साहेब. मी झोपलो."

माझ्या बढाईपायी हा माणूस जीव पणाला लावतो आहे, याची फार लाज वाटली. त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, अर्धा तास सावलीत निजवलं, सगळ्यांनी आळीपाळीने पोटऱ्या चोळल्या. नाडी ठिकाणावर आली तेव्हा पलटणीची जुनी रीत काढली. थकलेल्या जवानाला उचलायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी त्याच्या पट्ट्यात हात घालून चालायचं, पाय मात्र त्याचेच. दर किलोमीटरला जोडी बदलत होतो. पुढे कुणीच पळालं नाही. सगळे धनराजच्या पावलाने चाललो.

पावणेदोनला यवतमाळ. लोक केव्हाच पांगले होते, स्वागताचा मांडव उतरवणं चालू होतं. शेठजी तेवढे उन्हात खुर्ची टाकून बसले होते. ते उठले आणि त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

पलटणीत धाव संपली की गिनती होते, कुणी मागे राहिलं नाही ना, हे बघायला. रांगेत पहिला उभा राहून मी हाक दिली, "फॉल इन! गिनती कर!"

"एक," मीच सुरुवात केली. "दो." "तीन." आवाज रांगेतून पुढे सरकत गेला. धनराज शेवटी उभा होता.

"आठ," तो म्हणाला. मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "नौ."

कुणी चूक काढली नाही. तो अनूचा नंबर होता, हे आठही जणांना कळलं. सावधान होऊन मी रिपोर्ट पुरा दिला.

"नौ जवान. सब हाजिर."