खंडेनवमीची रबरं

आमच्या घरात 'गाडी' म्हणजे एकच. बस, टांगा, सायकल ही नुसती वाहनं. इंदूरच्या होळकर संस्थानाचा मोटारखाना मोडला तेव्हा तिथल्या देखरेखीवर असलेल्या माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पदरात ती काळी इंग्रजी गाडी पडली. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत आला आणि गेला, मध्यप्रदेश झाला, मोठ्या कचेऱ्या भोपाळला पळाल्या. आबा नव्या सरकारात कारकुनासारखे खाली मान घालून बसत आणि घरी आले की अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गाडीवर हात फिरवत. मी जितकी या गाडीवर चिडले आहे तितकी जन्मात दुसऱ्या कशावर चिडलेली नाही.

त्या वर्षी श्रावणात आई मोरीत घसरली. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये. तिला पायाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी काळजी भाऊबीजेची होती. तिचा एकुलता एक भाऊ गौतमपुऱ्याला राहायचा, शेती बघायचा आणि दम्यानं बेजार होता. लग्नानंतर आईची एकही भाऊबीज चुकली नव्हती. मंडीत माल घेऊन आलेल्या त्यांच्या गावच्या माणसाबरोबर मामानं निरोप धाडला, "आक्काला म्हणावं, यंदा नक्की ये. पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही." आईनं निरोप ऐकला, पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "काही पण कर, मला तिथे पोचव."

पाय वाकत नव्हता, त्यामुळे बसमध्ये चढणं शक्य नव्हतं. आमच्या गाडीची मागची सीट मात्र ऐसपैस, त्यावर पाय लांब करून ती आरामात गेली असती. फक्त गाडीला ब्रेक नव्हता. म्हणजे होता, पण पेडल तीन-चारदा हापसावं लागायचं, आणि मग गाडी तिच्या मर्जीनं थांबायची. चाकाच्या आत लहान सिलिंडर असतो, त्यात वाटीसारखी रबरं असतात. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल त्या रबरांना रेटतं आणि ब्रेक लागतो. आमची रबरं म्हातारी झाली होती आणि ऑइल चाकातून खाली गळत होतं.

इतक्या जुन्या गाडीची रबरं इंदुरात मिळेनात. मी मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवायचे. शाळा सुटली की सियागंजातल्या पार्ट्सच्या दुकानात जाऊन उभी राहायचे. दुकानदार मला लांबून बघूनच मान हलवायचा, "बाईजी, बंबई लिखा है, आएगा तो आपके घर भिजवा देंगे." शेवटी एकदाची नवरात्रात डबी आली. नवी कोरी काळी रबरं, बरोबर स्प्रिंगा आणि छोटे पिस्टन. मी तशीच घरी धावत आले.

"आबा, आजच बसवू या."

"नवमी होऊ दे," आबा म्हणाले. "हत्यारं पूजेत जाणार. पाने पण जाणार. मग काय दातांनी खोलणार चाकं?"

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेतले. खंडेनवमीला दोन तलवारी, एक कट्यार आणि त्यांच्या शेजारी आबांचे पाने, जॅक, पकड, सगळं पाटावर मांडलं जायचं. पूजेला बसलेली वस्तू दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कुणी हलवायची नाही. मी म्हटलं ठीक आहे, भाऊबीज लांब आहे.

नवमीला सकाळी मी शाळेच्या कार्यक्रमाला गेले. परत आले तर पाटावर तलवारींच्या पुढे पितळेच्या ताटलीत माझी रबरं बसलेली. हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, आणि सगळी चकचकीत.

"याला काय लावलंय?"

"तलवारीचं तेल," आबा समाधानानं म्हणाले. "कोरडी चीज पूजेला ठेवतात का कधी?"

"अहो आबा, मशीनच्या तेलानं रबर फुगतं! सत्यानाश होईल."

"ब्रेकात तेलच भरतात ना?"

"ते वेगळं असतं. ते रबराला चालतं. हे नाही चालत."

"तुझी शाळेतली केमिस्ट्री शाळेत ठेव. मोटारखान्यात उमर गेली माझी."

मी ताटलीकडे हात नेला तर ते एवढ्यानं ओरडले की शेजारचे बाहेर आले. "पूजेतलं उचलायचं नाही!" खाटेवरून आईनं मला डोळ्यांनी दाबलं. सणाच्या दिवशी भांडण नको. मी हात मागे घेतला, पण जेवणावरून उठले. रबरं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तेलात लोळत राहिली.

दसऱ्यानंतर आबांनी चाकं काढली. जुनी रबरं निघता निघता फाटली, म्हणजे परतीची वाट बंद. मग नवी घालायला घेतली. ती सिलिंडरच्या तोंडाशीच अडली. नव्या डबीतल्या वाट्या पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या. मी तिथेच खाली बसले. आबा म्हणाले, "बंबईवाल्यांनी साइज गलत पाठवली."

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझं डोकं तडकतं. आबांनी रबरं रिठ्याच्या पाण्यानं धुतली. मग उन्हात वाळत घातली, कुरडयांसारखी, वरून मलमलचं फडकं टाकून. मग पॉलिश पेपरनं घासली. मी रोज सांगत होते, आबा, फुगलेलं रबर परत पहिल्यासारखं होत नाही, दुसरी मागवा. ते रोज म्हणत होते, "जरा सबर कर." सबर करायला माझी ना नव्हती, पण दिवाळी माझ्यासाठी थांबणार नव्हती. आई ओट्यावर खुर्चीत बसून सगळं बघायची. भाऊबीजेला नेसायचं लुगडं तिनं उशाशी काढून ठेवलं होतं.

अखेर एका रविवारी त्यांनी रबरं ठोकून बसवलीच. मी पेडलवर, ते चाकाखाली. पाइपातली हवा काढायची असली की दोघं लागतात. ते खालून ओरडायचे, "दाब. धर. सोड." मी दाबलं, धरलं, सोडलं. पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. आबांनी चाक फिरवून बघितलं. हलेना, रबरं आत अडकून ब्रेक लागलेलाच राहिला होता. शेजारची चार माणसं बोलावून गाडी ढकलली तर ती एखाद्या हट्टी म्हशीसारखी जागच्या जागी डुलली. आधी गाडी थांबत नव्हती, आता हलत नव्हती.

"बंबईवाले चोर आहेत," आबा हात पुसत म्हणाले.

मी त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले. आबा ऐकून घेऊन आत गेले आणि हात धूत राहिले. दुसऱ्या दिवशी मी सियागंजात गेले. दुकानदार म्हणाला, "अब तो दिवाली बाद ही, बाईजी."

मग टॅक्सीची गोष्ट मी काढली. आबा ताडकन म्हणाले, "सासुरवाडीला भाड्याच्या गाडीतून? लोक काय म्हणतील, गाडी विकून खाल्ली?"

"लोकांचं मरू द्या. आईचं काय?"

"बघू," म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. अख्खी दिवाळी मी फणफणत काढली. फराळाचा घास गोड लागला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी कुणाला न विचारता स्टेशनवरून टॅक्सी आणली. आबांना सांगितलं, आम्ही निघतोय. "जा," ते म्हणाले, "मी येणार नाही." शेजाऱ्यांच्या मदतीनं आईला मागे झोपवलं, तिचं ताट, करदोडा, सुपारी, निरांजन सगळं मांडीवर घेऊन मी तिच्या पायाशी अंग चोरून बसले. टॅक्सी सुरू होणार एवढ्यात पुढचं दार उघडलं. बंद गळ्याचा कोट आणि डोक्याला फेटा अशा थाटात आबा ड्रायव्हरशेजारी येऊन बसले.

हातोद गेलं, देपालपूर गेलं. आबांची मान ताठ. पण समोर बैलगाडी आली की त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. तिथे पेडल नव्हतं. मला मागून ते दिसत होतं आणि हसूही येत नव्हतं, इतकी मी चिडलेली होते.

गौतमपुरा आलं. आदल्याच दिवशी हिंगोटची, म्हणजे बारूद ठासलेली जळती फळं एकमेकांवर फेकायची, लढाई होऊन गेलेली, मैदानात जळके तुकडे पडले होते. गावात शिरायच्या आधीच आबांनी हात वर केला. "बस, यहीं रोक दो."

"इथे? घर तिकडे आहे, आबा."

"गल्लीत वळत नाही गाडी. खुर्ची मागवू. इथून उचलून नेऊ तुझ्या आईला."

दर वर्षी आमची भली मोठी गाडी त्याच गल्लीत वळायची, तीही हॉर्न वाजवत. माझ्या सगळं लक्षात आलं. मेव्हण्याला भाड्याची गाडी दिसू नये म्हणून प्लास्टरच्या पायानं आईला एवढं अंतर खुर्चीत हिंदकळत न्यायचं. माझ्या तोंडात शब्द गोळा झाले. पण त्याआधी शेजारून आईचा आवाज आला. आबांशी नाही, ती थेट ड्रायव्हरशी बोलत होती.

"भैया, गाड़ी दरवाजे तक ले चलो. नीम के पास से मोड़ लेना." आणि मग आबांना, "आपली वळते, तर ही पण वळेल."

इतक्या वर्षांत मी तिला त्यांचं बोलणं मोडताना ऐकलं नव्हतं. ड्रायव्हरनं आबांकडे बघितलं. आबांनी समोर बघितलं. गाडी निघाली.

मामा दारात उन्हाला खुर्ची टाकून शाल पांघरून बसला होता. अर्धा झाला होता. त्यानं टॅक्सीकडे बघितलं, मग टॅक्सीच्या मागे वाकून रस्त्याकडे बघितलं.

"दाजी, तुमची गाडी कुठे आहे? ही कुणाची?"

मला पुढचं उत्तर पाठ होतं. बंबईवाले, साइज, दुकानदार. मी दातांवर दात ठेवले.

"भाड्याची आहे," आबा खाली उतरून म्हणाले. फेटा नीट केला. "ब्रेकची रबरं खराब झाली. नवमीला मी त्यांना तलवारीचं तेल लावलं. पोरगी नको म्हणत होती."

दसऱ्यापासून मी हेच ऐकायला टपले होते. त्यावर काय काय बोलायचं हे रोज ठरवत होते. आता समोर ते नुसतेच उभे होते, आणि मी मांडीवरचं ताट सावरत खाली उतरले.

मामा हसायला लागला, हसता हसता त्याला खोकला आला. "तलवारीचं तेल!" म्हणत तो पुन्हा खोकला. "मरू द्या ना, दाजी. आक्का आली ना."

आई म्हणाली, "आधी मला उतरवा कुणीतरी."

मामाला उभं राहवत नव्हतं आणि आईला बसून पुढे वाकता येत नव्हतं. शेवटी दोन खुर्च्या समोरासमोर टाकल्या, तिचा प्लास्टरचा पाय त्याच्या खुर्चीखाली सरकवला. तरी निरांजनाचं ताट त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचेना, हात लांब केला की ते कलंडायचं. मी पुढे झाले, पण आबा माझ्या आधी पोचले. फेटा बांधलेला तो माणूस बायको आणि मेव्हण्याच्या मधे गुडघ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी ताट खालून उचलून धरलं. आईनं त्यांच्या हातांसकट ते फिरवलं.