दुकान पंपाच्या नावावर

आमची मावशी सायकली दुरुस्त करते. "हे काय बाईचं काम?" म्हणणाऱ्याला ती हातातला पाना दाखवते, त्यामुळे आता कोणी म्हणत नाही. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर स्वतःच्या कमाईतून तिने दुकान विकत घेतलं. हाताखाली पंपदादा. पोरवयात चाकात हवा भरायला आला आणि टक्कल पडलं तरी तिथेच आहे. मावशी अंथरुणाला खिळली होती तेव्हा दुकान सांभाळून तिला डबा पोचवणारा तोच. आम्ही रक्ताची माणसं फोनवरून काळजी करत होतो.

गुडघे कुरकुरायला लागले तशी मावशी म्हणाली, "दुकान पंपाला बक्षीस द्यायचं. आत्ताच." आणि मला घेऊन करसल्लागाराकडे गेली.

माणूस भला होता. म्हणाला, "या तुमच्या भाचीला दिलंत तर कर शून्य. पण तो नात्यातला नाही. सरकारी दराने दुकानाची जी किंमत होईल, ती त्याची कमाई धरली जाईल. कर त्यानेच भरायचा."

"एवढे पैसे तो आणणार कुठून?"

"दुकान विकूनच आणावे लागतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसला हा बोडक्याचा कायदा!

मावशीने चिवटपणा सोडला नाही. "कराचे पैसे मी देते त्याला."

"त्या पैशांवरही कर लागेल."

"मग स्वस्तात विकते."

"सरकारी दराच्या फार खाली गेलात, तर फरकावर पुन्हा तेच. मृत्युपत्राने दिलंत तर त्याला काही भरावं लागणार नाही. पण ते तुमच्या माघारी."

"म्हणजे मी जिवंत असेपर्यंत महाग आणि मेले की फुकट!" मावशी खो खो हसली. बिचारा सल्लागार ओशाळला.

रस्त्यात मात्र तिचा सूर बदलला. "मृत्युपत्र केलं तरी मी गेले की नवऱ्याचा पुतण्या वारस म्हणून कुलूप लावायला येईल," ती म्हणाली. "आणि पंप भांडायचा नाही. त्याला गिऱ्हाइकाकडे पैसे मागायचीही लाज वाटते."

दुरुस्त केलेली सायकल मावशी तशीच नेऊ देत नाही. आधी समोर फेरी मारायला लावते, खडखड झाली तर तिथेच ऐकून घेते. मृत्युपत्राचंही तिने तेच केलं. रीतसर नोंदवून आणलं, नवऱ्याच्या पुतण्याला दुकानात बोलावलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलं.

"भांडायचं ते आत्ता भांड. नंतर उत्तर द्यायला मी नसेन."

वाचता वाचता पुतण्या लालबुंद झाला. "काकू, या परक्याला? हा आता तुमच्या मरणाचीच वाट बघत बसेल!"

पंपदादालाही हे नवीनच होतं. हातातलं चाक ठेवून तो उठला. "बाई, माझं नाव काढा त्यातून," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मग मावशीने पुतण्याला चांगलंच झापलं. 'वाचलं, माझी हरकत नाही' असं लिहून घेतलं, तेव्हाच त्याला सोडलं. पण दुसऱ्या दिवशी पंपदादा आलाच नाही.

ही बया निघाली त्याच्या घरी. वरचा मजला, उंच पायऱ्या. मी मागून ओरडतेय, हिला ऐकायचंय कुठे! कठड्याला धरून, धापा टाकत, दारात पोचली.

"अरे, पुतण्या म्हणाला तसं कर. बघ वाट. मी काही लवकर जात नाही, पण दुकानात बसून बघ."

पंपदादाने आधी तिला खुर्ची दिली, मग पाणी. खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला ते दुकान कधी मिळूच नये."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मावशीने पाणी संपवलं आणि हात पुढे केला.

"मिळणार. नाव काढणार नाही. चल, मला खाली उतरव."