कडी राहिलेली खिडकी

त्या गावात ऊन इतकं कडक, की दुपारी सावल्यासुद्धा भिंतीला चिकटून अंग चोरून बसतात. खाली बंदर, वर टेकडीवर पडका किल्ला आणि मधल्या उतरणीवर एकमेकांच्या खांद्यावरून समुद्र बघणारी घरं. कुठे गुलाबी, कुठे पिवळी, कुठे विटकरी. समुद्रातून मच्छीमाराला आपलं घर ओळखू यावं म्हणून हे रंग, असं किल्ला दाखवणारा वाटाड्या पाहुण्यांना सांगतो. मच्छीमारांच्या बायका म्हणतात, ओळखूनही मेले भलत्याच घरात शिरायचे, ते नाही सांगत!

पण खरी गंमत खिडक्यांची. कधीकाळी कुठल्याशा राजाने खिडक्यांवर कर बसवला. लोकांनी निम्म्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. मग भिंती आंधळ्या दिसायला लागल्या, म्हणून त्यांच्यावर रंगानेच खिडक्या काढल्या. चौकट, हिरव्या झडपा, झडपांच्या पट्ट्या, खाली पडणारी सावलीसुद्धा. राजा गेला, कर गेला, खिडक्या राहिल्या. पाहुणे चौकात बसून भाजलेल्या माशावर लिंबू पिळतात आणि खोट्या खिडक्यांचे फोटो काढतात.

या खिडक्या काढणारा एकच माणूस गावात उरला होता. सगळे त्यांना खिडकीकाका म्हणत. हात सोन्याचा, स्वभाव मेणाचा. त्यांची बायको मात्र मिरचीची. काकूंची चौकात मासे तळायची टपरी होती, आणि तेल जास्त तापतं की काकूंची जीभ, यावर गिऱ्हाइकांच्या पैजा लागत. "अहो, शिडीवर चढलाय की स्वर्गात? मासे गार होतायत!" ही हाक ऐकली की गावाला जेवायची वेळ कळे. लोक म्हणत, काका बिचारे. काका मात्र ती हाक ऐकली की मिशीत हसत. हे मी पाहिलेलं नाही, पण मला सांगणाऱ्याने पाहिलंय.

काका हे काम सासऱ्यांकडे शिकले. मुलगी दिली आणि धंदाही दिला. सोबत एक नियम दिला: झडपा नेहमी मिटलेल्याच काढायच्या, सगळ्यात शेवटी त्यांना बाहेरून लावलेली कडी रंगवायची, आणि ती रंगवल्याशिवाय शिडी उतरायची नाही. का, ते म्हाताऱ्याने सांगितलं नाही. जावयानेही विचारलं नाही, जावयाला प्रश्न विचारायची सोय कुठे असते?

त्या वर्षी चौकातल्या गुलाबी हॉटेलची भिंत नव्याने रंगवायची होती. काकांनी वरच्या मजल्यावर एक देखणी खिडकी काढली. झडपा झाल्या, सावली झाली, कडी तेवढी राहिली. तेवढ्यात खालून हाक आली, आणि वर भर पडली, "आज आला नाहीत तर मांजराला घालीन, ते निदान वेळेवर येतं!" काका हसत हसत उतरले. जेवले, लवंडले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

दुसऱ्या दिवशी झडप बोटभर उघडी दिसली.

काकांना वाटलं, आपलीच नजर चळली. चार दिवसांनी फट हातभर झाली. हॉटेलवाली बाई खूश. "काका, काय जिवंत काम केलंय! पाहुणे सारखे वर बघतात." काका मात्र वर बघायचं टाळायचे. काकू तळता तळता वर बघायच्या आणि झारा उगारायच्या. "कोण हो ती? रोज माझ्या हाताकडे टक लावून बघते. मासा तळायचा कसा ते शिकतेय की काय?"

"तिथे कोणी नाही, अगं. पलीकडे बाईंची चादरींची खोली आहे."

"मग मीच जाऊन बघते. तुमच्या हातून काही कडी लागत नाही." झारा खोचून काकू तरातरा हॉटेलात शिरल्या.

इकडे काकांनी शिडी लावली. कडीपुरता ओला गिलावा थापला. गिलावा ओला असतो तोवर रंग भिंतीत मुरतो. वाळला की तो रंग राहत नाही, भिंतच होतो. कुंचला टेकवणार, तोच फटीच्या आतून, अगदी कानाशी आवाज आला. "अहो, बघत काय बसलात? इथे काळोख आहे. ओढा की झडप!"

भिंतीला कान असतात हे काकांनी ऐकलं होतं, तोंडाचं कुणी सांगितलं नव्हतं. तोच खालून दुसरी हाक आली. "अहो, दमला असाल. या ना जेवायला."

खाली काकू उभ्या होत्या. हातात झारा, तोंडावर हसू. म्हणजे आतलं ते काहीतरी भलतंच! सासऱ्यांचं आठवून काकांनी डोळे मिटले आणि दोन फटकाऱ्यांत कडी रंगवली. झडपा चपखल मिटल्या. आतून काहीतरी दबक्या आवाजात बोललं, मग तेही थांबलं.

खाली पान वाढलेलं होतं. माशातले काटे काढून ठेवले होते. "सावकाश जेवा हं," काकू म्हणाल्या. मांजर टपरीकडे फिरकलं नाही. काकांनी मुद्दाम पाणी सांडलं. "असू दे, मी पुसते."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. काकांनी घास ताटात ठेवला. त्यांनी वर बघितलं. ऊन रणरणत होतं आणि गिलावा वाळला होता.

ते धावत चादरींच्या खोलीत गेले. कोरी भिंत. शिडीवर चढून त्यांनी कडी खरवडली. त्या रंगाखाली पुन्हा कडी. आणखी खोल खरवडली, तिथेही कडी. गाव हसायला लागलं. "काका, बायको गोड बोलायला लागली तर माणूस पेढे वाटतो, भिंत नाही फोडत!" गोड काकू खाली हात जोडून उभ्या. "नका हो त्रास करून घेऊ."

शेवटी काकांनी सगळी खिडकी गिलाव्याने बुजवली आणि त्यावरच नवी काढली. झडपा सताड उघड्या आणि आत नुसता काळोख. सासरे थडग्यात उलटे झाले असतील. मग ते दुपारचं ताट शिडीवरच घेऊन बसायला लागले. भिंतीशी हळूच म्हणायचे, "ऐक ना, चुकलं माझं. आता तरी बोल."

बरेच दिवस भिंत रुसलेली होती. मग एका दुपारी चौकातल्या सगळ्यांनी काकांना खो खो हसताना ऐकलं. मान वर करून बघितलं, तर शिडीच्या फळीवर रिकामं ताट होतं. ताटात माशाचे काटे, दोघांनी खाल्ल्यासारखे दोन ढीग. काका नव्हते. खिडकीच्या झडपा मिटलेल्या होत्या, आणि बाहेर कडी नव्हती. कडी आतून लागली होती.

चौक शांत असला की आजही त्या भिंतीतून भांडण ऐकू येतं. एक आवाज फटकारतो, दुसरा हसतो. पाहुण्यांना वाटतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी राहतं.

टपरी चालू आहे. काकू सगळ्यांशी गोड बोलतात, काटे काढून वाढतात. फक्त वरचा आवाज ऐकू आला की त्यांचा झारा कढईत तसाच थांबतो. मग समोरच्या पाहुण्यासमोर लिंबाची फोड ठेवत त्या हळूच विचारतात, "तुमच्यात कुणाला चित्र काढता येतं का हो? मोठं काही नाही. एक कडी काढायचीय, बाहेरून."