कलमरावांच्या घरचा गुन्हा

धक्क्यावरच्या बंदर निरीक्षकाला सगळे कलमराव म्हणत. माणूस सरळ, पण तोंड उघडलं की कायदाच बाहेर पडायचा. लाँचमध्ये जास्त माणसं भरली, कलम. लाइफ जॅकेटं फळीखाली कोंबली, कलम. घरी दूध उतू जाताना दिसलं, तरी हा आधी चूक कुणाची ते ठरवणार आणि मग गॅस बंद करणार. त्याची बायको पलीकडच्या काठाला जाणारी लाँच चालवायची. वडिलांकडून आलेलं काम, आणि हातही वडिलांचाच. पाणी तिला कळायचं, आणि आपल्याला कळतं हेही तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या दुपारी वारा फिरला. कलमरावाने लाल बावटा चढवला, म्हणजे आता एकही लाँच सुटायची नाही. बायकोने बावट्याकडे पाहिलं, पलीकडे ताटकळलेल्या माणसांकडे पाहिलं आणि सरळ दोर सोडला. हा काठावरून शिट्टी फुंकत राहिला. ती गेली आणि सगळ्यांना घेऊन सुखरूप परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांचं काय जातं टाळ्या वाजवायला! कलमरावाने वर तक्रार केली.

अख्खा धक्का त्याच्यावर तुटून पडला. अरे, सख्ख्या बायकोवर? बावटा असताना लाँच काढली, तर हंगाम संपेपर्यंत परवाना बंद. आणि लाँच म्हणजे तिचा जीव की प्राण. चौकशीच्या दिवशी साहेबांनीच पळवाट काढून दिली.

"लाँच सुटली आणि मग तुम्ही बावटा चढवलात, असंही झालं असेल ना? तसं असेल तर समज देऊन सोडतो."

खोलीतले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. बायको तेवढी खिडकीबाहेर.

"बावटा आधी चढला होता," कलमराव म्हणाला.

परवाना साहेबांच्या खणात गेला.

घरी दोघं जेवायला बसली. शेवटी तीच बोलली, "खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण मुळात तक्रार करण्याएवढं काय पोटात दुखत होतं तुमच्या?"

कलमराव सवयीने कलमाचा आकडा सांगायला गेला, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मधे लाटांत लाँचचं छप्पर दिसेना गं. मी म्हटलं, गेलीस तू. पुन्हा तू अशी जाणार, आणि मी काठावर उभा... नाही झेपायचं मला."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"याला कलम नाही."

तिला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. हातातला घास तिने परत ताटात ठेवला.

"बावटा मी रोजच बघते हो," ती म्हणाली. "शिट्टीही रोजच ऐकते. तुम्ही एकदा नुसती हाक मारली असतीत, तर वळवली असती मी लाँच."