पावकाकांचा बिनगव्हाचा रविवार

पावकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारी आता फक्त दवाखान्यातली नर्स उरली आहे, आणि तिनं हाक मारली की काका आजूबाजूला बघतात, कोण उठतंय ते. बाकी सगळ्या वस्तीसाठी ते पावकाका. उभी हयात कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीपुढं गेली. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी अजून पहाटे टक्क जाग येते, आणि मग करायला काही नसल्यामुळे ते काकूंना उठवून विचारतात, "झोपलीस का?"

कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की काका आधी पावाचा तुकडा अंगठ्यानं दाबून बघतात. तो वर आला तर ठीक. नाही आला तर मान हलवून म्हणतात, "घाई केली." काकू टेबलाखालून लाथ घालतात, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. पीठ हाताशी बोलतं, असं काकांचं म्हणणं. माणसांचं ते एवढं ऐकत नाहीत.

अशा माणसाच्या घरी सून आली ती गहू न चालणारी. नियतीला कधीकधी असा पांचट विनोद सुचतो. फॅड म्हणून नव्हे हो. पोरीला लहानपणापासूनच तो त्रास. गव्हात ग्लुटेन म्हणून काही असतं, त्याचा कण जरी पोटात गेला तरी ती आडवी होते. डॉक्टरांनी जन्माचं पथ्य सांगितलेलं. काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "ताज्या पावानं कधी कुणाला काही होतं का?" त्यावर काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काकांनी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं.

सून चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. दर रविवारी दुपारी दोघं चहाला येतात. येताना सुनेच्या पिशवीत तिचा स्वतःचा छोटा डबा असतो. सगळे केक खातात, ती आपला डबा उघडते, त्यातलं काहीतरी कुरकुरीत खाते, हसते, बोलते, सासूबाईंना नवीन फ्रेम कशी शोभेल ते सांगते. तिची कसलीही तक्रार नसते. पण काकांचा केक बशीतच राहतो. अर्धी वस्ती ज्याच्या हातचं खाऊन मोठी झाली, त्याच्या टेबलावर त्याची सून बाहेरून आणलेलं खाते, हे त्यांना फार लागायचं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे काकूंना रोज सांगितलं होतं.

एकदा धीर करून त्यांनी विचारलंच. "सूनबाई, एकदा माझ्या हातचं काही खाशील का? गहू न घालता करतो."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बाबा, राग मानू नका. माझ्या मैत्रिणीच्या आईनं मला असंच सांगितलं होतं, यात काही नाही म्हणून. अगदी गळ्याची शपथ घेऊन. आठवडाभर अंथरुणात होते मी."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही बिचारी फुंकून बघायलाही तयार नव्हती. काकांनी राग मानला नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. या पोरीनं आपल्या हातचं विश्वासानं खाल्लं पाहिजे.

पदार्थ ठरला तो फळांचा. खाली सफरचंद आणि नाशपातीच्या फोडी, वर बदामाच्या कुटाचा आणि तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत थर, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. काकूंनी लगेच अट घातली, "साखर घालू नका. माझी वाढलीय." मग गोडीला खजूर आला. काका म्हणाले, गहू नाही, साखर नाही, आता ओव्हनही काढून घ्या म्हणजे मी नुसता उभा राहतो.

पहिला प्रयोग दगड झाला. काकांनी तांदळाचं पीठ सढळ हातानं घेतलं आणि बदाम हात राखून, त्यामुळे वरचा थर गिलाव्यासारखा बसला. काकू सुरी घेऊन बराच वेळ झटल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, गवंडी बोलवू का?" दुसऱ्या खेपेला फळांना इतकं पाणी सुटलं की वरचा थर बुडाला आणि ते दोघांनी वाटीत ओतून प्यायलं. काका चिडले. "या पिठाला अंगच नाही. कितीही मळा, हाताला काही सांगतच नाही. नुसतं बसून राहतं."

"निवृत्त झालं असेल," काकू म्हणाल्या.

खरी गोम काकांना दोन दिवसांनी दाढी करताना कळली. मळायचंच नव्हतं! जन्मभर ज्या हातांनी मळलं, त्या हातांनी आता नुसतं बोटांच्या टोकांनी चुरायचं आणि सोडून द्यायचं होतं. काकांना हे फार जड गेलं. हात आपसूक मूठ आवळायचे. शेवटी ते चुरताना मोठ्यानं स्वतःला बजावू लागले, "सोड, सोड आता." तो घाणा जमला. घरभर दालचिनीचा वास सुटला, वरचा थर बदामी झाला, खाली फोडी मऊ पडल्या पण गळल्या नाहीत. काकूंनी खाल्लं आणि त्या काही बोलल्या नाहीत. काकूंनी नाव ठेवलं नाही, म्हणजे पहिला नंबर.

मग फोन झाला. सुनेनं वकिलासारखी उलटतपासणी घेतली. भांडं कुठलं? चाळणी? लाकडी चमचा? काका म्हणाले, सगळं नवं आणतो. आणि आणलंही. भांडं, पातेलं, कढई, चाळणी, चमचे, सुरी, फळी, बशा, वाट्या. गव्हाच्या पिठाचा मोठा डबा, लाटणं, टोस्टर, झालंच तर बिस्किटांचा पुडा, सगळ्यांची रवानगी गॅलरीतल्या कपाटात झाली. स्वयंपाकघर वरपासून खालपर्यंत धुतलं. ओव्हनही आतून घासून काढला. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा यांचा हात फडताळाच्या वर पोचला," काकू शेजारणीला सांगत होत्या, आणि आवाजात तक्रार कमी, तोराच जास्त होता.

हे सगळं ऐकून सुनेनं चाळणीचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं बाबा. या रविवारी मी डबा आणत नाही."

काकांनी फोन ठेवला आणि तडक जिन्यात गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला माहीत होतं की पावकाकांची सून रविवारी डबा आणणार नाही. त्यात एवढं विशेष काय, ते कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी अभिनंदन केलं.

रविवारी काका नवरदेवासारखे तयार झाले. फळं चिरली, लिंबू पिळलं, भिजवलेला खजूर कुस्करून फोडींना चोळला. वरचा थर चुरला आणि वेळेवर सोडला. ओव्हन लावला. हा ओव्हन मुलानं निवृत्तीच्या वेळी दिलेला. काचेचं दार, आत गरगर फिरणारा पंखा आणि डोळे मिचकावणारे आकडे. काकांचं आणि त्या आकड्यांचं कधी पटलं नाही. गॅलरीत एक फेरी मारून ते परत आले, ओव्हन पुरता तापलाय की नाही ते आपल्या जुन्या रीतीनं पाहिलं, समाधान झालं, आणि भांडं आत सरकवलं.

बेल वाजली तेव्हा काकांनी दार उघडून आधी सुनेचे हात पाहिले. हात मोकळे होते. खांद्याला पिशवी नव्हती. काकांना इतकं बरं वाटलं की मुलगा अजून बाहेरच आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही आणि त्यांनी दार लावून घेतलं. मुलाला पुन्हा बेल वाजवावी लागली.

टेबलाच्या मधोमध भांडं आलं. वर सगळीकडे सारखा बदामी रंग, कडेनं फळांचा रस बुडबुडत होता. काकांनी पहिली बशी सुनेला वाढली. तिनं चमच्यानं वरचा थर फोडला, त्याचा कुर्रर्र आवाज झाला, आणि ती खुदकन हसली. चमचा भरून तिनं फुंकर घातली. खूप गरम होतं.

"बाबा, रंग किती सारखा आलाय," ती म्हणाली. "माझ्याकडे नेहमी एक कोपरा जळतो. ओव्हन नेमका तापलाय, हे तुम्हाला कसं कळतं?"

बेकरी सोडल्यापासून हा प्रश्न काकांना कुणी विचारला नव्हता. ते खुर्ची पुढं ओढून सरसावून बसले. "अगं, ते आकडे बघायचेच नाहीत. आकड्यांना काय कळतंय? आमची रीत सांगतो. चिमूटभर पीठ घ्यायचं, भट्टीच्या तळावर फेकायचं आणि बघत राहायचं. फेकल्याबरोबर काळं पडलं तर आच जास्त. तसंच पांढरं राहिलं तर कमी. आणि हळूहळू बदामी होत गेलं, की मग..."

काका थांबले. त्यांना आपलाच हात दिसला. गॅलरीतलं कपाट उघडणारा, डब्यात जाणारा, चिमूट धरून परत येणारा. उभी हयात रोज केलेली गोष्ट हातानं आजही केली होती, आणि डोक्याला त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

सुनेचा चमचा तसाच हवेत राहिला. "पीठ म्हणजे तांदळाचंच ना, बाबा?" तिनं विचारलं. तिला ते तांदळाचंच असायला हवं होतं, हे तिच्या आवाजातच होतं.

काकांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. चिमूटभर तर पीठ, तेही तळाला जळून गेलेलं. थोड्यानं काय होतंय? आणि हे मनात आलं तसे काका दचकले, कारण आजवर या पोरीला प्रत्येकानं हेच ऐकवलं होतं. तिचा चेहरा किती आनंदी होता! आठवडाभराची धडपड, नवी भांडी, जिन्यातली बढाई, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांना रडू फुटेल असं वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "गव्हाचं. खाली ठेव तो चमचा." आणि तिनं ठेवायच्या आधीच त्यांनी तिच्या पुढची बशी ओढून घेतली. "माझ्याच हातानं टाकलं मी. लक्षातच आलं नाही गं."

"आत पंखा चालू होता?" सुनेनं विचारलं, अगदी दुकानात विचारते तशा आवाजात.

"होता."

"मग उडून सगळ्यावर बसलं असणार."

"हो," काका म्हणाले. "बसलं असणार." त्यांना वर बघवेना.

"जित्याची खोड," काकू पुटपुटल्या, पण नेहमीसारखं म्हण पुरी करायचं त्यांना धाडस झालं नाही. मुलानं भांड्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि हळूच विचारलं, "म्हणजे आता हे आमचं का?" काकूंची लाथ आज पहिल्यांदाच मुलाच्या वाट्याला आली.

सून उठली. काकांना वाटलं, निघाली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि साबणानं खसाखसा हात धुऊ लागली. तिथूनच म्हणाली, "बाबा, फळं उरलीत का?"

"आहेत की. पण ओव्हन..."

"ओव्हन नको. त्याचं दार लावूनच ठेवा. गॅसवर करू. ते नवं पातेलं आहे ना?" मग ती दारात आली, हातातून पाणी ठिबकत होतं. "मला आजवर सगळ्यांनी एकच सांगितलंय, यात काही नाही, खा. यात आहे, खाऊ नको, असं माझ्या पुढची बशी ओढून सांगणारे तुम्ही पहिले. आता तुम्ही 'खा' म्हणालात तर मी खाईन."

काका उठले, अंगातला सदरा बदलून आले आणि कोपरापर्यंत हात धुतले.

तिनं ओटा पुन्हा पुसला, फळी आणि सुरी पुन्हा धुतली, आणि चिरायला घेतलं. काका प्रत्येक गोष्टीला विचारत होते, हे घेऊ? याला हात लावू? शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खजूर कुस्करा बघू." फोडी झाकण ठेवून शिजल्या. बदाम वेगळ्या कढईत, तीही नवीच, खमंग भाजून वर चुरले. दिसायला ते काही खास नव्हतं. बाहेर मुलगा आणि काकू भाजलेल्या भांड्याचा तळ खरवडत होते, त्याचा आवाज येत होता.

काकांनी वाटी भरली, चमचा घातला आणि ती सुनेपुढं धरली. नीट आठवून पाहिलं. पातेलं, सुरी, खजूर, बदाम, हात.

"खा," ते म्हणाले.

तिनं ओट्याशी उभ्यानंच खाल्लं, काही न विचारता, चमचा तोंडात फिरवत, शेवटचा रस वाटी तिरकी करून. तिनं नुसती रिकामी वाटी पुढं केली.

"अजून वाढा, बाबा."